आकड्याचं आडनाव

दोस्तांनो, एक कोडं घालू? मे महिन्यातली दुपार आहे. गावाबाहेरच्या चिंचेखाली तीन मुलं उभी आहेत. तिघांच्याही हातात तापमापक आहे आणि तिन्ही तापमापक अगदी चांगले आहेत. पहिला म्हणतो, “तापमान ३५ आहे.” दुसरा म्हणतो, “छे, ९५ आहे!” तिसरा म्हणतो, “अरे, नीट बघा, ३०८ आहे!” सांगा पाहू, तिघांतलं खरं कोण बोलतंय?

घाईनं उत्तर देऊ नका. तिघंही खरं बोलताहेत! ३५ अंश सेल्सिअस, ९५ अंश फॅरनहाइट आणि ३०८ केल्व्हिन हे तिन्ही आकडे एकच तापमान सांगतात. भांडण झालं ते एवढ्याचसाठी, की तिघांनी आकडा सांगितला, पण त्याचं आडनाव सांगितलं नाही.

वर्गात दोन गणेश असले की हजेरी घेताना नुसतं ‘गणेश’ म्हणून भागत नाही. दोघंही ‘हजर’ म्हणून ओरडतात. मग आडनाव घ्यावं लागतं. आकड्याचंही तसंच आहे. ३५ हे नाव, ‘अंश सेल्सिअस’ हे आडनाव. या आडनावाला विज्ञानात ‘एकक’ म्हणतात.

एककांचा घोळ आपल्या घरात काही नवा नाही. आज सोनाराकडे एक तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात. पण जुना तोळा साधारण ११.६६ ग्रॅमचा होता. म्हणजे पणजीच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या आज वजन केल्या, तर पावणेसहा तोळ्यांहून जास्त भरतील. सोनं वाढलं नाही बरं का, तोळा लहान झाला! धान्य मोजायची पायलीसुद्धा सगळीकडे सारखी नव्हती. म्हणून तर १९५६ मध्ये भारतात वजनमापांचा कायदा झाला आणि मीटर, किलोग्रॅम, लिटर ही मापं देशभर आली.

आता तुम्ही म्हणाल, आज हे सगळं कशासाठी? तर आजचा आपला विषय आहे हवामान केंद्र. हल्ली काही शाळांच्या गच्चीवर, शेताच्या बांधावर, कृषी महाविद्यालयात एक पांढरा खांब दिसतो. त्यावर गरगर फिरणाऱ्या वाट्या असतात, एक बाण असतो, पावसासाठी एक नरसाळं असतं. आपल्या राज्य सरकारच्या ‘महावेध’ प्रकल्पातही महसूल मंडळांमध्ये अशी स्वयंचलित केंद्रं उभारली गेली आहेत. या खांबाला जोडलेल्या संगणकावर तापमान, पाऊस, वारा, हवेचा दाब असे आकडे आपोआप उमटत राहतात. पण ते आकडे कोणत्या एककात दाखवायचे, हे यंत्राला आपणच सांगावं लागतं. संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी ‘सेटिंग’चं एक पान असतं. ते पान दिसायला अगदी साधं. पण तिथे एक चुकीचं बटण दाबलं गेलं, की महिनोन्‌महिने घेतलेल्या मेहनतीचं पाणी होऊ शकतं. कसं ते पाहू.

मोजणं, साठवणं, दाखवणं

हवामान केंद्र तीन कामं करतं. ती तीन वेगवेगळी आहेत, हे आधी डोक्यात पक्कं बसवा.

पहिलं काम मोजणं. खांबावरची उपकरणं हवा, पाऊस, वारा यांचं माप घेतात. दुसरं काम साठवणं. आलेलं माप संगणक आपल्या वहीत, म्हणजे माहितीच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. तिसरं काम दाखवणं. वहीतला आकडा तो आपल्याला समजेल अशा रूपात पडद्यावर आणतो.

दूधवाल्याकडून दोन लिटर दूध घेतलं. ते पातेल्यात ओतलं काय किंवा पेल्यांत ओतलं काय, दूध दोन लिटरच राहतं. ‘दाखवणं’ हे असं भांडं बदलणं आहे. पडद्यावर सेल्सिअसऐवजी फॅरनहाइट आणलं, तर बाहेरचं ऊन वाढत नाही की कमी होत नाही. पुन्हा बटण दाबा, पहिला आकडा परत येतो. काही बिघडत नाही.

पण ‘मोजणं’ आणि ‘साठवणं’ यांच्या सेटिंगला हात लावणं म्हणजे दुधात पाणी ओतणं. ते परत काढता येत नाही.

हवामानाच्या नोंदी ठेवणारा ‘वीवेक्स’ नावाचा एक प्रोग्रॅम आहे. तो फुकट मिळतो आणि जगभर अनेक हौशी लोक तो वापरतात. त्यात साठवण्याचं एकक आणि दाखवण्याचं एकक अशी दोन वेगळी सेटिंगं असतात. दाखवण्याचं एकक हवं तेव्हा बदला. साठवण्याचं मात्र सुरुवातीलाच विचार करून ठरवा आणि नंतर मध्येच बदलू नका, असा त्याचा नियम आहे. का बरं? समजा, वहीत १० जूनपर्यंत तापमान फॅरनहाइटमध्ये लिहिलं गेलं : ८८, ८७, ८६. अकरा तारखेला कुणीतरी सेटिंग बदललं. पुढचे आकडे आले ३०, ३१, २९. वर्षाअखेर तुम्ही या आकड्यांचा आलेख काढायला बसलात, तर एका रात्रीत गावचं तापमान ५६ अंशांनी घसरलेलं दिसेल! तेव्हा सेटिंग कुणी, कधी बदललं हे आठवणार आहे का कुणाला?

तापमान : बत्तीसची गंमत

सेटिंगच्या पानावर बहुधा पहिली ओळ तापमानाची असते. अमेरिकेच्या बाजारासाठी तयार झालेलं यंत्र असेल, तर त्यात आधीपासूनच फॅरनहाइट, इंच आणि मैल लावलेले असतात. आपण ते सेल्सिअस करून घ्यायचं.

डॅनिएल गाब्रिएल फॅरनहाइट यांचा जन्म १६८६चा. पाऱ्याचा चांगला तापमापक बनवणारे म्हणून ते प्रसिद्ध झाले. बर्फ आणि क्षार यांच्या अतिथंड मिश्रणाचं तापमान त्यांनी शून्य धरलं. म्हणून साधं पाणी त्यांच्या मापात ३२ अंशांवर गोठतं आणि २१२ अंशांवर उकळतं. पुढे १७४२ मध्ये स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअस यांनी गोठणं आणि उकळणं यांमध्ये बरोबर शंभर भाग पाडले. पण गंमत ऐका. त्यांनी उकळत्या पाण्याला ० आणि बर्फाला १०० म्हटलं होतं! नंतरच्या लोकांनी ती मोजपट्टी उलटी केली, म्हणून आज बर्फाला शून्य.

सेल्सिअसचं फॅरनहाइट करायचं असेल, तर ९ ने गुणा, ५ ने भागा आणि ३२ मिळवा. ३५ ला ९ ने गुणलं की ३१५, भागिले ५ म्हणजे ६३, अधिक ३२ म्हणजे ९५. जमलं?

इथे एक खड्डा आहे, त्यात पडू नका. काल ९५ फॅरनहाइट होतं, आज ८६ आहे. फरक ९ अंशांचा. हा फरक सेल्सिअसमध्ये किती? ३५ मधून ३० गेले, ५ अंश. फरक काढताना ३२ वजा करायचे नाहीत, कारण दोन्ही आकड्यांतले ३२ वजाबाकीत आपोआप निघून जातात. “तापमान ५ अंश सेल्सिअसनं वाढलं” याचं कुणी “४१ अंश फॅरनहाइटनं वाढलं” असं केलं, तर ते गाव भट्टीत पडलं म्हणायचं!

पाऊस : सगळ्यात महत्त्वाची ओळ

आता येऊ आपल्या लाडक्या पावसाकडे. पाऊस मोजायची युक्ती आपल्या देशात फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितलंय, की कोठारात हातभर रुंद तोंडाचं एक कुंड पावसाच्या मापासाठी ठेवावं. पाऊस तिथे ‘द्रोण’ या मापात दिला आहे. अश्मक देशाला, म्हणजे गोदावरीकाठच्या प्रदेशाला, साडेतेरा द्रोण. अवंतीला, म्हणजे उज्जैनच्या भागाला, २३ द्रोण. आणि अपरांताला, म्हणजे आपल्या कोकणाला? तिथे अमाप! कोकणातल्या मुलांनो, वाचलंत ना?

कौटिल्यानं किती द्रोण एवढंच सांगितलं नाही, तर कुंडाचं तोंड केवढं हेही सांगितलं. कारण परातीत जास्त पाणी पडतं आणि तांब्यात कमी. भांडं सांगितल्याशिवाय द्रोणाला अर्थच नाही.

आज आपण पाण्याचा साठा मोजत नाही, पाण्याची उंची मोजतो. पाऊस ज्या जागी पडला तिथेच साचून राहिला, जिरला नाही, वाहिला नाही, तर पाणी किती उंच होईल? तो आकडा म्हणजे पाऊस. सरळ भिंतींचं भांडं असेल, तर ते रुंद असो की अरुंद, पाण्याची उंची सारखीच येते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर १०० चौरस मीटरचं असेल आणि २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर त्यावर अडीच हजार लिटर पाणी पडलं!

पावसाला तीन आडनावं असतात : मिलिमीटर, सेंटिमीटर आणि इंच. १० मिलिमीटर म्हणजे १ सेंटिमीटर, २५.४ मिलिमीटर म्हणजे १ इंच. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २७ जुलै २००५ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ९४४.२ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. २६ जुलैचा महापूर म्हणतात तो हाच. हवामान खात्याच्या पत्रकांत पावसाचे आकडे पुष्कळदा सेंटिमीटरमध्ये असतात. त्यात हाच पाऊस ९४ होतो. इंचांत तोच ३७. ज्याला आडनाव वाचायची सवय नाही, त्याला ३७ वाचून वाटेल, एवढ्याशा पावसानं मुंबई बुडाली?

उलटही घडू शकतं. सेटिंगच्या पानावर ‘मेट्रिक’ निवडलं की पाऊस मिलिमीटरमध्येच येईल, असं धरून चालू नका. मघाच्या वीवेक्समध्ये मेट्रिकचे दोन प्रकार आहेत. एकात पाऊस सेंटिमीटरमध्ये असतो, तर दुसऱ्यात मिलिमीटरमध्ये. ‘मेट्रिक’ हे घराणं झालं, आडनाव वेगळं तपासायचं!

आता त्या नरसाळ्याच्या आत डोकावू. आत सीसॉसारख्या दांडीवर दोन इवल्याशा वाट्या असतात. एक वाटी पाण्यानं भरली की जड होऊन खाली कलते, पाणी सांडतं आणि दुसरी वाटी वर येते. प्रत्येक वेळी ‘टक्‌’ असा एक ठोका संगणकाकडे जातो. संगणक फक्त ठोके मोजतो! एका ठोक्याला किती पाऊस धरायचा, हे आपण सेटिंगमध्ये सांगतो. काही वाट्या ०.२ मिलिमीटरच्या असतात, तर काही इंचाच्या शंभराव्या भागाच्या, म्हणजे ०.२५४ मिलिमीटरच्या.

समजा, खांबावरची वाटी ०.२ मिलिमीटरची आहे आणि सेटिंगमध्ये मात्र ०.०१ इंच लिहिलंय. आता हिशेब करा. जूनमध्ये ३१५ ठोके पडले. खरा पाऊस किती? ३१५ गुणिले ०.२, म्हणजे ६३ मिलिमीटर. पडद्यावर किती दिसेल? ३१५ गुणिले ०.२५४, म्हणजे ८० मिलिमीटर!

“सतराचाच तर फरक,” असं म्हणू नका. आपल्याकडे खरिपाच्या पेरणीआधी शेतकऱ्यांना सांगतात, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. पडद्यावर ८० पाहून कुणी पेरणी केली, तर काय होईल? जमिनीत ओल आहे ती ६३ मिलिमीटरची. पुढे आठ-दहा दिवस पावसानं दडी मारली, तर कोवळे कोंब करपतील. मग दुबार पेरणी. पुन्हा बियाणं, पुन्हा मजुरी, पुन्हा उसनवारी. एका ओळीतल्या चुकीच्या आडनावाची ही किंमत आहे. आणि ही चूक ‘मोजण्या’तली आहे, म्हणून पडद्यावरचं एकक कितीही बदललं तरी ती सुधारत नाही. इंचात पाहा नाहीतर मिलिमीटरमध्ये, पाऊस २७ टक्के जास्तच दिसत राहील.

वारा : किती आणि कुठून

वाऱ्याची तर चार आडनावं : किलोमीटर ताशी, मीटर दर सेकंदाला, मैल ताशी आणि नॉट. नॉट म्हणजे गाठ. पूर्वी खलाशी जहाजाचा वेग मोजायला ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी समुद्रात सोडत. ठरलेल्या वेळात किती गाठी हातातून गेल्या, तो जहाजाचा वेग. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.

आता ‘वारा ६०’ असा आकडा घ्या. ताशी ६० किलोमीटर असेल, तर हवामान खात्याच्या भाषेत तो समुद्रातला कमी दाबाचा तीव्र पट्टा, अजून चक्रीवादळ झालेलं नाही. ६० नॉट असेल, तर ताशी १११ किलोमीटर, म्हणजे तीव्र चक्रीवादळ. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकलेलं ‘निसर्ग’ वादळ या वर्गातलं होतं. आणि सेकंदाला ६० मीटर असेल, तर ताशी २१६ किलोमीटर! त्याच्यापुढे झाडं, पत्रे, विजेचे खांब काही टिकायचं नाही. आकडा एकच, पण एका आडनावानं होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आणि दुसऱ्या आडनावानं गावच रिकामं करायचं.

वाऱ्याची दिशा दाखवायच्याही दोन पद्धती आहेत. अक्षरांत, म्हणजे उत्तर, ईशान्य, नैऋत्य; नाहीतर अंशांत. उत्तर म्हणजे ० किंवा ३६०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. लक्षात ठेवा, वारा जिकडून येतो ती त्याची दिशा, जिकडे जातो ती नव्हे. नैऋत्य मोसमी वारे नैऋत्येकडून येतात, म्हणून ते नैऋत्य.

अंशांतल्या दिशेची सरासरी कधी सरळ काढू नका. सकाळी वारा ३५० अंशांवरून आला, दुपारी १० अंशांवरून. दोन्ही जवळजवळ उत्तरेचे. सरासरी काढा बरं. ३६० भागिले २, म्हणजे १८०. म्हणजे वारा दक्षिणेचा? गणित बरोबर, उत्तर साफ चूक! चांगला प्रोग्रॅम ही सरासरी वेगळ्या पद्धतीनं काढतो. वहीत हिशेब करताना तुम्हीच सावध राहायचं.

दाब : डोंगरावरचा धसका

हवेला वजन असतं आणि त्याचा दाब आपल्या सगळ्यांवर असतो. समुद्रसपाटीला तो सरासरी १०१३.२५ हेक्टोपास्कल धरतात. जुन्या पुस्तकांत ‘मिलिबार’ दिसेल, घाबरू नका, दोन्ही अगदी सारखेच. पाऱ्याच्या उंचीत तोच दाब ७६० मिलिमीटर किंवा २९.९२ इंच. इथेही ‘मिलिमीटर’ आलं, पण हे पाऱ्याचं, पावसाचं नव्हे. नावात नाव मिसळलं की असं होतं!

दाबात एक वेगळी अडचण आहे. आपण जितकं उंच जाऊ, तितकी डोक्यावरची हवा कमी, म्हणून दाबही कमी. जमिनीजवळ साधारण साडेआठ मीटर वर गेलं की दाब एक हेक्टोपास्कलनं उतरतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. म्हणून तिथे उपकरणाला ९५०च्या आसपास दाब लागतो. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंच, तिथे तो ८६५च्या आसपास.

आता हे ऐका. जगात समुद्रसपाटीला आजवर नोंदलेला सगळ्यात कमी दाब आहे ८७० हेक्टोपास्कल. १२ ऑक्टोबर १९७९ रोजी पॅसिफिक महासागरातल्या ‘टिप’ नावाच्या प्रचंड वादळाच्या पोटात तो मोजला गेला. म्हणजे महाबळेश्वरचा रोजचा दाब त्या भयंकर वादळापेक्षाही कमी! मग महाबळेश्वरला रोज वादळ होतं का? मुळीच नाही. दोन गावांच्या दाबांची तुलना करायची, तर आधी दोन्ही गावं समुद्रसपाटीवर आणावी लागतात. त्यासाठी सेटिंगमध्ये आपल्या केंद्राची उंची लिहायची असते. मग प्रोग्रॅम हिशेब करून ‘समुद्रसपाटीचा दाब’ दाखवतो. इथेही आडनाव जपा. उंची मीटरमध्ये मागितली आहे की फुटांत, ते आधी वाचा. ५६० मीटरच्या जागी ५६० फूट झाले, तर पुण्याचा दाब चाळीसहून अधिक हेक्टोपास्कलनं कमी दिसेल आणि शहरावर भलतंच वादळ आल्यासारखं वाटेल.

तारीख, वेळ आणि रिकामी जागा

आकडा बरोबर, एकक बरोबर, पण तो कोणत्या दिवसाचा? ०३/०७/२०२४ म्हणजे आपल्याकडे ३ जुलै, धो धो पावसाचे दिवस. अमेरिकेत हेच लिहिलं तर ७ मार्च, आपल्याकडे रणरणत्या उन्हाची सुरुवात! म्हणून साठवताना वर्ष, महिना, दिवस असा क्रम उत्तम : २०२४-०७-०३. तो कुणी उलटा वाचत नाही.

वेळेचंही सेटिंग असतं. जगभरचे हवामानतज्ज्ञ एकच जागतिक वेळ वापरतात. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. जागतिक वेळेनुसार पहाटेचे ३ वाजतात, तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेआठ. आपलं हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतं. संगणकाचा दिवस मात्र बहुतेक वेळा मध्यरात्री बदलतो. रात्री दहा ते पहाटे चार पाऊस कोसळला, तर संगणक त्याचे दोन तुकडे करून दोन दिवसांत वाटेल, हवामान खात्याच्या नोंदीत मात्र तो एकाच दिवसाचा असेल. दोघांचेही आकडे खरे. तुमच्या केंद्राचा आकडा पेपरातल्या आकड्याशी जुळवायचा असेल, तर पावसाचा दिवस साडेआठला सुरू होईल असं सेटिंग पाहा, किंवा तासातासाचा पाऊस घेऊन तुम्हीच बेरीज करा.

आणखी एक बारीक गोष्ट. जर्मनीसारख्या देशांत दशांश चिन्ह म्हणून बिंदूऐवजी स्वल्पविराम देतात. तसं सेटिंग राहिलं, तर १२.५ मिलिमीटरचं ‘१२,५’ होतं. आणि स्वल्पविरामानं रकाने पाडणाऱ्या फाइलमध्ये त्याचे दोन आकडे होतात, १२ आणि ५!

शेवटची आणि फार महत्त्वाची बाब म्हणजे शून्य आणि रिकामी जागा. पाऊस पडला नाही, तर ० लिहायचं. वीज गेली, वाटीत कोळ्यानं जाळं केलं, नोंदच झाली नाही, तर जागा रिकामी ठेवायची किंवा आडवी रेघ ओढायची. परीक्षेला गैरहजर राहणं आणि शून्य गुण मिळणं यात फरक आहे ना? तसंच हे. बंद पडलेल्या यंत्राचे दहा दिवस शून्यानं भरले, तर भर पावसातला आठवडा कोरडा ठरेल.

मंगळावर हरवलेलं यान

“एवढी काळजी शाळेच्या वहीसाठी?” असं वाटतंय का? मग ही खरी गोष्ट ऐका. ११ डिसेंबर १९९८ रोजी अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेनं एक यान मंगळाकडे पाठवलं. नाव ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’. त्याचं काम तुमच्या गच्चीवरच्या खांबासारखंच होतं, मंगळाच्या हवामानाच्या नोंदी घ्यायच्या. साडेनऊ महिने ते अंतराळात प्रवास करत होतं. वाटेत त्याला अधूनमधून छोटे छोटे धक्के द्यावे लागत. त्या धक्क्यांचं माप एक प्रोग्रॅम पौंडांच्या पद्धतीत देत होता आणि ते माप घेणारा दुसरा प्रोग्रॅम ते न्यूटनच्या पद्धतीतलं आहे असं धरून चालला होता. दोहोंत जवळजवळ साडेचार पटींचा फरक! आकडा या प्रोग्रॅममधून त्या प्रोग्रॅममध्ये गेला, पण आडनाव वाटेतच गळलं.

२३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळाच्या मागे गेलं आणि पुन्हा त्याचा आवाज आलाच नाही. नंतरच्या हिशेबात दिसलं, की ते मंगळापासून अवघ्या ५७ किलोमीटर उंचीवरून वातावरणात घुसलं होतं. एवढ्या खाली तगायची त्याची ताकद नव्हती. तिथे हुशार माणसं कमी नव्हती, भागाकारही कुणाचा चुकला नव्हता. एककाची जुळणी तपासायची राहून गेली, एवढंच.

तुमच्या केंद्रासाठी चार नियम

पहिला नियम : वहीत किंवा फलकावर एककाशिवाय एकही आकडा लिहायचा नाही. रकान्याच्या डोक्यावर ‘पाऊस, मिलिमीटर’ असं पूर्ण लिहा.

दुसरा : सुरुवातीलाच ठरवा. तापमान अंश सेल्सिअस, पाऊस मिलिमीटर, दाब हेक्टोपास्कल, वारा किलोमीटर ताशी. ते एका कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवा. कागदावर केंद्राची उंची आणि वाटीचं मापही लिहा.

तिसरा : सेटिंग बदललंच, तर काय बदललं, का बदललं, तारीख आणि वेळ यांची नोंद करा. पुढच्या वर्षीच्या मुलांना ती वही वाचायची आहे.

चौथा : यंत्रावर डोळे मिटून विश्वास नको. शेजारी साधं पर्जन्यमापक ठेवा आणि दोन्ही आकडे पडताळा. थोडा फरक पडणारच. पण रोज पावपटीनं फरक येतोय, तर सेटिंगचं पान उघडा.

करून पाहा

सरळ भिंतींचा एखादा रिकामा डबा घ्या. झाडापासून आणि भिंतीपासून दूर, उघड्यावर, विटांच्या आधारानं सरळ ठेवा. रोज सकाळी साडेआठला आत पट्टी उभी धरून पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा, नोंद करा आणि डबा रिकामा करा. महिनाभरानं तुमची बेरीज आणि तालुक्याचा आकडा शेजारी शेजारी मांडा. दोन गावांतल्या दोन मित्रांनी केलं तर आणखी मजा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस होता, तेव्हा त्याच मुंबईत कुलाब्याला ७३ मिलिमीटरच होता! म्हणून तुमच्या अंगणातला आकडा तुमच्याशिवाय दुसरं कुणीच देऊ शकत नाही.

आता जाता जाता चार प्रश्न :

१) २ इंच पाऊस म्हणजे किती मिलिमीटर?
२) सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा ताशी किती किलोमीटर?
३) जागतिक वेळेनुसार दुपारचे ३ वाजले, तर आपल्याकडे किती वाजले?
४) असं कोणतं तापमान आहे, जिथे सेल्सिअस आणि फॅरनहाइटचा आकडा एकच असतो?

उत्तरे : १) ५०.८ मिलिमीटर २) ३६ किलोमीटर ३) रात्रीचे साडेआठ ४) उणे ४०. जगात एवढ्या एकाच ठिकाणी आडनाव विसरलं तरी चालतं. पण आपल्या गावात उणे ४० कधी व्हायचं नाही, तेव्हा तुम्ही आपलं आडनाव लिहाच!